रोहित, रोहू आणि तांबरा : नदीच्या एका माशाच्या नावाची चिकित्सा

सुरतेच्या मराठी घरांत समुद्राचा मासा मराठी नावाने येतो आणि नदीचा मासा हिंदी नावाने. बोंबील, पापलेट, सुरमई, हलवा ही नावे आपल्या पूर्वजांनी कोकणातून आणि मुंबईहून बरोबर आणली. बाजारातली बाई ‘बूमला’ म्हणाली तरी आपण घरी येऊन ‘बोंबील’च म्हणतो. दोन-तीन पिढ्या गुजराती शाळांतून शिकल्यावरही त्यात फरक पडलेला नाही. तापीतला किंवा उकाईच्या जलाशयातला मोठा खवल्यांचा मासा घरी आला, की मात्र आपण बिनदिक्कत ‘रोहू’ म्हणतो, आणि हा शब्द आपला की परका असा प्रश्न मनाला शिवतही नाही.

कोणी विचारलेच, तर उत्तर तयार असते. रोहू म्हणजे संस्कृत ‘रोहित’. संस्कृतातून आला म्हणजे मराठीच. आपल्या मंडळींत शब्दांची चर्चा निघाली की असे उत्तर हटकून ऐकू येते, आणि ते ऐकले की पुढची चर्चा थांबते. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी करावयाची आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा खरा नाही. दोहोंतील अंतर मोजताना आपल्या भाषेविषयी आणि सुरतेतील आपल्या वस्तीविषयी काही गोष्टी ध्यानात येतात, त्या वाचकांपुढे ठेवाव्यात एवढाच हेतू.

१

प्रथम अर्थ. ‘रोहित’ म्हणजे तांबडा. अमरकोशात हा शब्द चार निरनिराळ्या ठिकाणी आला आहे. रंगांच्या यादीत तो ‘लोहित’ आणि ‘रक्त’ यांच्या पंक्तीला बसतो. मृगांच्या यादीत एका हरणाचे नाव म्हणून येतो. इंद्रधनुष्य वाकडे न दिसता सरळ दिसले तर त्यालाही अमरसिंह रोहित म्हणतो. आणि वारिवर्गात माशांच्या नावांत तो पुन्हा भेटतो. रंग, हरीण, इंद्रधनुष्य आणि मासा यांना एकत्र बांधणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तांबडेपणा. मूळ शब्द रंगाचा आहे. त्या रंगावरून जे जे ओळखावयाचे त्याला तो लावला गेला.

याविरुद्ध एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ‘रुह्’ म्हणजे वाढणे, चढणे. हा मासा झपाट्याने वाढतो म्हणून रोहित. ही कल्पना जुनी आहे. अथर्ववेदाच्या तेराव्या कांडात रोहित नावाने सूर्याची स्तुती आहे, आणि तेथे कवीने रुह् या धातूशी मुद्दाम श्लेष केला आहे, कारण सूर्य तांबडाही आहे आणि चढणाराही. परंतु कवीचा श्लेष ही व्युत्पत्ती नव्हे. ‘रोहित’ची खरी नातलग मंडळी ‘रुधिर’ या शब्दाच्या घरची आहेत. ग्रीक ‘एरिथ्रोस’, लॅटिन ‘रुबेर’, जर्मन ‘रोट’, इंग्रजी ‘रेड’ हे सारे शब्द तांबड्या रंगाचेच आणि एकाच मुळाचे. त्या मुळातील महाप्राण ‘ध’ संस्कृतात ‘रुधिर’मध्ये टिकला आणि ‘रोहित’मध्ये त्याचा ‘ह’ झाला. शब्दाचे मूळ रंगात आहे हे यावरून निश्चित होते. वाढीचा अर्थ मागाहून चिकटलेला आहे.

येथे कोणी शंका घेईल, की बाजारात रोहू तांबडा कोठे दिसतो? तो करडा-रुपेरी दिसतो. शंका रास्त आहे, पण ती बाजारातली आहे. जिवंत, नुकत्याच जाळ्यातून काढलेल्या माशाच्या खवल्यांवर तांबूस छटा असते, पर तांबूस असतात, आणि विणीच्या दिवसांत ही लाली अधिक खुलते. मासा मेला, बर्फात पडला, की ती उतरते. नाव ठेवणारा माणूस पाण्यात उभा होता. पुढे शब्दकोश लिहिणारे पाण्यापासून दूर बसलेले होते. माशांच्या नावांच्या बाबतीत आपल्या कोशांची जी अडचण होते, तिचे मूळ या अंतरातच आहे.

या माशाला संस्कृत ग्रंथांत मान फार. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात देवकार्यात व पितृकार्यात चालणाऱ्या माशांत पाठीन आणि रोहित ही दोन नावे अग्रभागी आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मासे किती प्रकारचे, कोण काय खातो, गळाला कोणते आमिष लावावे, हे सारे त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध करून त्यातील माशांची ओळख पटविण्याचा प्रयत्न केला. राजाने गळ टाकून बसावे आणि मग त्याची शास्त्रशुद्ध नोंद करावी, ही दख्खनची परंपरा आहे. ती पुढे मराठीत आली नाही, हे आपले दुर्दैव.

२

आता शब्दाच्या रूपाकडे वळू. ‘रोहित’ संस्कृत आहे हे मान्य. पण ‘रोहू’ हे रूप मराठीच्या वाटेने आलेले आहे काय?

मराठी आणि गुजराती या दोन भाषांत रोज वावरणाऱ्या आपणांस ध्वनीच्या वाटा समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्या आपल्या तोंडात आहेत. संस्कृत ‘मत्स्य’, प्राकृत ‘मच्छ’. त्यापासून गुजरातीत ‘माछली’ आणि मराठीत ‘मासा’. संस्कृत ‘वत्स’, प्राकृत ‘वच्छ’. गुजरातीत ‘वाछरडुं’, मराठीत ‘वासरू’. गुजराती ‘छ’ राखते, मराठी तेथे ‘स’ करते. असे एकेक चिन्ह पाहून शब्द कोणत्या घरचा ते ओळखता येते.

‘रोहित’चे प्राकृत रूप ‘रोहिअ’. त्याचा जुळा भाऊ ‘लोहित’, प्राकृत ‘लोहिअ’. या दुसऱ्या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहिले, म्हणजे पहिल्याची वाट कळते. हिंदीत ‘लोहिअ’चे ‘लोहू’ आणि ‘लहू’ झाले. गुजरातीत त्याचे ‘लोही’ झाले. सुरतेच्या दवाखान्यात रोज ‘लोही’ तपासले जाते, ते हेच. म्हणजे शेवटच्या ‘इअ’चा उत्तरेकडे ‘ऊ’ झाला आणि पश्चिमेकडे ‘ई’. त्याच न्यायाने ‘रोहिअ’चे हिंदीत ‘रोहू’ व्हावयाचे आणि आपल्या बाजूला ‘रोही’. पूर्वेकडे उडिया भाषेत या माशाला ‘रोही’च म्हणतात, बंगालीत ‘रुई’. बंगाली ‘रुई’ मराठीत जशीच्या तशी घेता येत नाही, कारण आपली रुई मारुतीच्या गळ्यातल्या माळेत असते!

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘वृश्चिक’ शब्दातही ‘इ’ आहे, मग त्याचे मराठीत ‘विंचू’ कसे झाले? ‘विंचू’ चालतो तर ‘रोहू’ का चालू नये? याचे उत्तर गुजरातेतच, पाटणला, बाराव्या शतकात लिहून ठेवलेले आहे. आचार्य हेमचंद्रांच्या ‘सिद्धहेमशब्दानुशासना’चा आठवा अध्याय प्राकृताचा आहे. त्यातील दुसऱ्या पादाच्या सोळाव्या सूत्रात ‘वृश्चिक’ शब्दासाठी खास नियम सांगितला आहे आणि ‘विंचुओ’ असे उकारयुक्त रूप दिले आहे. म्हणजे विंचवातला ‘ऊ’ प्राकृतापासूनच त्याच्या अंगी होता. ‘रोहिअ’मध्ये असा उकार नाही. तेव्हा ‘विंचू’चे उदाहरण ‘रोहू’च्या मदतीस येत नाही.

मग ‘रोहिअ’ मराठीत आलाच नाही काय? आला, पण पाण्यात राहिला नाही. विदर्भ-मराठवाड्याकडे शेतात शिरून पीक फस्त करणाऱ्या नीलगाईला ‘रोही’ म्हणतात. अमरकोशातल्या मृगवाचक रोहिताशी अर्थाने आणि ध्वनीने जुळणारा हा शब्द मराठीच्या नियमाने, शेवटी ‘ई’ घेऊनच आला आहे. गुजरातीत याच जनावराला ‘रोझ’ म्हणतात. पण ‘रोझ’ला ‘रोहित’शी सरळ जोडता येत नाही. ‘मह्यम्’पासून ‘मज्झ’ आणि त्यातून आपले ‘माझा’ झाले, तसा ‘झ’ येण्यास मुळात ‘ह्य’ असा जोडवर्ण लागतो, आणि तो ‘रोहित’मध्ये नाही. असो. सांगावयाचे ते इतकेच, की मराठीने ‘रोहित’चा वारसा रानातल्या जनावराकडे दिला. नदीतल्या माशाकरिता तिच्यापाशी दुसरा शब्द होता.

आणखी एक दाखला. संस्कृत ‘शकुल’ या माशाचे नाव बंगालीत ‘शोल’ आणि हिंदीत ‘सौल’ म्हणून टिकले. मराठीत त्या कुळातल्या माशाला ‘मरळ’ म्हणतात. संस्कृत यादीतली नावे उत्तरेच्या भाषांत नांदली आणि दख्खनच्या नद्यांवर दुसरी नावे नांदली, असा हा क्रम आहे. यात आश्चर्य नाही. रोहू हा मासाच मुळी गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू यांच्या खोऱ्यांतला. जेथे मासा नाही तेथे त्याच्या नावाला घर कोठून मिळणार? दख्खनी पंडित संस्कृतात लिहिताना ‘रोहित’ म्हणेल. तेवढ्यावरून त्याच्या गावच्या कोळ्याच्या किंवा भोयाच्या तोंडी तो शब्द होता असे ठरत नाही.

३

दख्खनच्या नद्यांत रोहूचा एक सख्खा चुलतभाऊ राहतो. शास्त्रज्ञ दोघांनाही ‘लेबिओ’ या एकाच प्रजातीत घालतात. लॅटिन ‘लेबिओ’ म्हणजे जाड ओठांचा. आपल्या बाजूच्या माशाला बर्लिनच्या मार्कुस ब्लॉख याने १७९५ साली ‘फिम्ब्रिआटस’ असे नाव दिले, म्हणजे झालरीचा. कारण त्याच्या ओठांना बारीक झालर असते. उत्तरेच्या माशाला फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात ‘रोहिता’ हे नाव दिले. हॅमिल्टनची रीत अशी, की नदीकाठच्या लोकांचे नाव ऐकावे आणि त्यालाच लॅटिन अंगरखा घालावा. कटला, मृगल, कालबोस ही देशी नावे त्याच ग्रंथातून जगभर गेली. ब्लॉखने मेलेल्या नमुन्याचे ओठ तपासले; हॅमिल्टनने माणसांचे बोलणे ऐकले. दोन्ही पद्धतींना आपापली जागा आहे, पण शब्दाच्या अभ्यासकाला हॅमिल्टन जवळचा वाटतो.

आपल्या दख्खनला असा एक हॅमिल्टन मिळाला होता. मुंबई सरकारच्या नोकरीतील कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ आणि १८४१ साली लंडनला प्रसिद्ध केली, आणि त्यांत मराठी नावे ठेवली. ‘खुद्री’, ‘नुक्ता’, ‘शिंगटी’ ही नावे आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत लॅटिन म्हणून नांदत आहेत. त्यानेच ‘रोहटी’ नावाची एक प्रजाती स्थापिली. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. ‘रोहटी’ ऐकून कोणाला वाटेल की हीच मराठीतली रोहू. तसे नाही. रोहटी हा चपटा, रुपेरी, वीतभर मासा. रोहूच्या शेजारी ठेवला तर कोणी दोघांना एका नावाने हाक मारणार नाही. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे ते नातलग ठरत नाहीत, हे व्युत्पत्तिशास्त्रातले पहिले पथ्य या ठिकाणी उपयोगी पडते.

मग झालरीच्या ओठांच्या त्या माशाला मराठीत काय म्हणतात? त्याला ‘तांबरा’ म्हणतात. कोठे ‘तांबीर’ असेही. नाव ठेवणाऱ्याने ओठांकडे पाहिले नाही, रंगाकडे पाहिले. संस्कृत कवीच्या देशात रोहिताला जो रंग पाहून नाव मिळाले, तोच रंग पाहून दख्खनच्या कोळ्याने आपल्या माशाला नाव दिले, पण शब्द स्वतःचा वापरला.

हा शब्द किती जुना? तो ‘तांबडा’पासून अलीकडे बनला असावा असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु मराठीत ‘तांबडा’तला ‘ड’ पक्का आहे; त्याचा ‘र’ होत नाही. येथे पुन्हा हेमचंद्र मदतीस येतात. आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील छप्पन्नाव्या सूत्रात ते ‘ताम्र’ आणि ‘आम्र’ यांपासून ‘तंब’ आणि ‘अंब’ कसे होतात ते सांगतात. आपले तांबे आणि आंबा यांची ही जन्मनोंद म्हणावयास हरकत नाही. त्याच ठिकाणी ते ‘अंबिर’ आणि ‘तंबिर’ असे आणखी दोन शब्द नोंदवून ते देश्य असल्याचे सांगतात. देश्य म्हणजे संस्कृताच्या नियमांनी न साधणारे, लोकांच्या बोलण्यातले. ‘तंबिर’चे मराठी रूप ‘तांबीर’ होणार हे उघड आहे. आणि ‘तांबीर’पासून ‘तांबरा’ कसा, हे मराठी माणसास सांगणे नलगे. ‘उंदीर’ला प्रत्यय लागला की ‘उंदराला’ होते, मधली ‘ई’ गळते. त्याच रीतीने शेवटी ‘आ’ येताच ‘तांबीर’चा ‘तांबरा’ झाला.

प्रस्तुत लेखकाच्या मते ‘तांबरा’ हा या देश्य ‘तंबिर’चा वंशज आहे. हे मत मान्य झाले, तर एक मोठी गोष्ट हाती लागते. पाटणच्या आचार्यांनी बाराव्या शतकात लोकांच्या तोंडचा म्हणून जो शब्द टिपून ठेवला, तो मराठी नद्यांवर माशाच्या नावात जिवंत राहिला. ज्या शब्दाला आपण गावठी समजून बाजूला सारतो, त्याचा पुरावा आठशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणात आहे. संस्कृताशी नाते लावून ज्या ‘रोहू’ला आपण आपला म्हणतो, त्याच्या अंगावर मात्र मराठीचे एकही चिन्ह नाही.

रंगावरून नाव ठेवण्याची ही रीत आपल्यापुरती नाही. कन्नडात याच माशाला ‘केम्मीनु’ म्हणतात, म्हणजे तांबडा मीन. त्याच घडणीचा मल्याळी शब्द ‘चेम्मीन’. पण तेथे त्याचा अर्थ कोळंबी. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६ सालच्या प्रसिद्ध कादंबरीमुळे तो शब्द भारतभर पोहोचला. कोकणच्या किनाऱ्यावर ‘तांबोशी’ म्हणून तांबडा समुद्री मासा आहेच. अर्थ एक असला तरी जीव निराळे असू शकतात, हे यावरून दिसते. आणि म्हणूनच ‘तांबरा म्हणजे मराठीतला रोहू’ असे म्हणणेही बरोबर नाही. दोघे वेगळे आहेत. नावांचा अर्थ सारखा आहे, नावे ठेवणाऱ्यांची नजर सारखी आहे. मासे दोन आहेत.

आपल्या कोशांविषयी तक्रार करावयाची ती येथे. मोल्सवर्थच्या १८३१ व १८५७ च्या आवृत्त्या, दाते-कर्वे यांचा १९३२ पासून निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’, या थोर कामांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते, की माशाचे नाव आले की ‘माशाची एक जात’ एवढ्यावर भागविण्याची आपल्याकडे सवय पडली. याच सुरतेत नर्मदाशंकरांनी एकहाती ‘नर्मकोश’ रचून १८७३ साली पूर्ण केला. कोशकाराच्या कष्टांची या शहराला चांगली ओळख आहे. तरीही गोड्या पाण्यातल्या जिवांपुरते गुजराती आणि मराठी हे दोन्ही कोशसंसार सारखेच कोरडे राहिले. आपल्या साहित्याचेही तेच. संतकाव्यात मासोळी येते ती पाण्यावाचून तळमळणाऱ्या जिवाची उपमा म्हणून. ती कोणती मासोळी, हे विचारण्याचे तेथे कारण नव्हते. कोकणच्या लेखकांनी समुद्राच्या माशांना नावानिशी कथेत आणले. देशावरच्या नदीचा मासा साहित्यात बहुधा बिननावाचाच राहिला. तोंडी असलेला शब्द ग्रंथात नसेल, तर पहिल्याच नव्या पुरात तो वाहून जातो.

४

तो पूर आपल्या हयातीतच आला. १९५७ साली ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी देशी मोठ्या माशांना टोचणी देऊन बंदिस्त पाण्यात वीण घडवून आणली. त्या यशाचा दिवस, १० जुलै, आज मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. तोपर्यंत या माशांचे बीज मुख्यतः वाहत्या नदीतून गोळा करावे लागे. त्यानंतर ते हवे तेथे, हवे तेवढे तयार करता येऊ लागले. रोहू, कटला आणि मृगल हे उत्तरेचे तीन मासे देशभरच्या तळ्यांत आणि धरणांत सोडले गेले.

इकडे तापीवर काकरापारचा बंधारा पन्नाशीच्या दशकात झाला आणि १९७२ साली उकाईचे धरण उभे राहिले. सोनगड तालुक्यातला हा प्रदेश. पिलाजीराव गायकवाडांच्या सोनगडामुळे आपल्यातील अनेक घराण्यांच्या कागदपत्रांत त्याचे नाव सापडेल. २००७ पासून तो तापी जिल्ह्यात गणला जातो. जलाशयात बीज सोडले गेले, मासा वाढला, आणि मालमोटारीने सुरतेच्या बाजारात येऊ लागला. त्याच्याबरोबर सरकारी कागदावरचे, हिंदी वळणाचे नाव आले. ‘रोहू’ हा शब्द सुरतेच्या मराठीत आला तो रोहिताचा वारस म्हणून, प्राकृताची वाट चालून आलेला नाही. तो मत्स्यबीजाच्या पिशवीबरोबर आला.

यात रोहूचा काही अपराध नाही. मासा चांगला आहे, स्वस्त आहे, पुष्कळांच्या पोटाला आधार आहे. शब्दही वाईट नाही. भाषेत पाहुणे येतात आणि घरचे होतात. आपण स्वतः या गावात तसेच आलो. आक्षेप आहे तो खोट्या वंशावळीला. पाहुण्याला घरचा म्हणण्यासाठी संस्कृताचा दाखला काढावयाचा, आणि घरात जो खराच होता त्याला विसरावयाचे, हे न्यायाचे नाही.

येथे एक मोह होतो, आणि प्रस्तुत लेखकालाही तो झाला. तापी ही सूर्यकन्या. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तिचा जन्मदिवस साजरा होतो आणि तिला चुंदडी अर्पण केली जाते. अथर्ववेदातला रोहित म्हणजे सूर्य. तेव्हा सूर्यकन्येच्या पाण्यात सूर्याच्या नावाचा मासा, असे सुंदर समीकरण मांडता येते. व्याख्यानात त्याला टाळ्याही मिळतील. पण ते खरे नाही. उकाईच्या पूर्वी तापीच्या पाण्यात सूर्याचा रंग अंगावर घेऊन जो मासा फिरत होता, त्याचे नाव रोहित नव्हते. सुंदर वाटणारी व्युत्पत्ती टाकून देता येणे, हीच शब्दविचाराची खरी कसोटी आहे.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो आपल्याच घरचा. ‘तांबरा’ हा शब्द आज सुरतेत शोधावयाचा तर कोठे जावे? आपल्या जुन्या कुटुंबांत तो सापडण्याचा संभव कमी. आपण येथे आलो ते दप्तरे, दरबार, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने. आपली मराठी पुस्तकांची, पत्रव्यवहाराची, गणेशोत्सवातल्या भाषणांची. ती नीट राखली याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो योग्यही आहे. परंतु नदीकाठचे शब्द या मराठीत कधी फारसे नव्हतेच. ते आहेत उधना, लिंबायत, दिंडोली येथे राहणाऱ्या खानदेशी माणसांपाशी. हे लोक जळगाव, धुळे, नंदुरबारकडून, म्हणजे तापीच्याच वरच्या काठावरून, यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत काम करण्यासाठी आले. ते ज्या नदीच्या काठी जन्मले, तीच नदी सुरतेला येऊन समुद्राला मिळते. भुसावळ आणि प्रकाशा येथे तिला ज्या नावांनी मासे माहीत आहेत, ती नावे त्यांच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असणार.

त्यांच्या बोलीला आपण कित्येकदा ‘अशुद्ध’ म्हणतो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत त्यांची उपस्थिती किती असते, हे वाचकांना सांगावयास नको. मराठीच्या रक्षणाची जबाबदारी आपल्यावर आहे असे आपण मानतो, आणि हेमचंद्रांनी लोकांच्या तोंडून टिपलेल्या शब्दाचा वारस ज्यांच्याकडे मिळण्याचा संभव, त्यांच्याशी आपला परिचय नाही. उद्या त्या घरांतली मुलेही बाजारातून ‘रोहू’ आणतील; आणतच आहेत. मग विचारावयाला कोणी उरणार नाही.

म्हणून मंडळाने एक लहानसे काम हाती घ्यावे, अशी नम्र सूचना आहे. तापीकाठी जन्मलेल्या वयस्कर माणसांकडे जावे, शक्य तर मासा समोर ठेवून त्याचे नाव विचारावे, आणि ते जसे उच्चारले जाईल तसे, गाव आणि जात-जमातीच्या बोलीसह लिहून घ्यावे. भिल्ल, कोळी, भोई यांची नावे निराळी निघतील; तीही घ्यावीत. माशाचा रंग, खवले, पाण्यातली जागा, विणीचा काळ यांची नोंद ठेवावी, म्हणजे ‘माशाची एक जात’ एवढ्यावर भागणार नाही. पन्नास नावे मिळाली तरी या त्रैमासिकाचा एक अंक सार्थकी लागेल. या कामाला विद्वत्तेपेक्षा पायपीट अधिक लागते, आणि समोरचा बोलत असताना त्याचे मराठी दुरुस्त न करण्याचा संयम लागतो.

तोपर्यंत बाजारात आपण रोहूला रोहूच म्हणावे. तो रोहूच आहे. परंतु विक्रेत्याच्या पाटीत एखादे दिवशी झालरीच्या ओठांचा, तांबूस परांचा दुसरा मासा दिसला, तर क्षणभर थांबून त्याला त्याचे नाव विचारावे. आणि घरी येऊन तो ज्या नावाने सांगेल त्याच नावाने सांगावे.